आधी फोन कुणाचा ते विचारा, मग अ‍ॅप उघडा : गावात तंत्रज्ञान नेणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

आमच्या संस्थेला महिला आणि शेतकऱ्यांसाठी माहिती तंत्रज्ञानाचा पहिला प्रकल्प मिळाला, तेव्हा कार्यालयात सगळ्यांत आधी आले ते टॅब्लेटचे खोके. वीस टॅब्लेट, वीस कव्हरं आणि प्रत्येकात आधीच टाकून दिलेलं एक अ‍ॅप. सहा महिन्यांनी त्यांतले चौदा आमच्याच लोखंडी कपाटात परत आले होते, चारांवर बचत गटाच्या अध्यक्षांची नातवंडं गेम खेळत होती आणि दोन कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. 'वीस गट डिजिटल झाले' हे वाक्य मात्र अहवालात गेलं. ते मीच लिहिलं होतं.

तुम्ही सीआरपी ताई (गावातच राहून बचत गटांचं काम पाहणारी) असाल, सहयोगिनी (गटांना मदत करणारी कार्यकर्ती) असाल, शेतकरी उत्पादक कंपनीत नुकतेच लागला असाल किंवा संस्थेतली ही पहिलीच नोकरी असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. माझं काम मराठवाड्यातलं, सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं. तुमच्याकडे ऊस किंवा भात असेल तर पिकं बदलून वाचा. बाकीचे घोळ सगळीकडे तेच.

सुरुवातीला वारणेचं उदाहरण. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं सुरू झाली. देशभर गाजलेला प्रकल्प तो. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळंच गावात येणार होतं. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर यायचा तो मुख्यतः कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठी : ऊस किती भरला, खत किती उचललं, बिल किती निघालं. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत हेच काम संगणक काढून साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणून पाहिलं, आणि त्यावर भागलं. मी याला अपयश म्हणत नाही. लोकांनी काय हवं ते वापरातून सांगितलं. ते ऐकायला आपण आठ वर्षं लावायची की आठ दिवस, एवढाच प्रश्न.

१. फोन मोजू नका, त्याचा माग काढा

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'घरात स्मार्टफोन आहे का?' असा प्रश्न असतो. बहुतेक घरांतून 'आहे' असंच उत्तर येतं आणि तुम्ही खूश होता. मग बैठकीला बायका येतात आणि फोन एकीजवळही नसतो, कारण तो सकाळी मालकांबरोबर शेतात गेलेला असतो, नाहीतर पोराबरोबर चाकणला.

म्हणून प्रश्न असे विचारा :

फोन दिवसा कुठे असतो, आणि बाईच्या हातात किती वाजता येतो? (आमच्याकडे उत्तर होतं रात्री साडेआठनंतर, भांडी झाल्यावर.)
सिम कुणाच्या नावावर आहे?
रिचार्ज कोण मारतं, आणि संपलं की किती दिवस तसंच राहतं?
आधारला कुठला नंबर जोडलेला आहे?

शेवटच्या प्रश्नावर अर्धा प्रकल्प उभा असतो. आमच्या एका गटात अकरा बायकांपैकी सहा जणींच्या आधारला स्वतःचा नंबर नव्हता. एकीचा ओटीपी पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाकडे जायचा. तो शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. ही इकडे केंद्राच्या रांगेत. दुसरीच्या आधारला वारलेल्या नवऱ्याचा नंबर होता, आणि तो कंपनीने तिसऱ्याच कुणाला देऊनही टाकला होता. अशा वेळी अ‍ॅपचं प्रशिक्षण घेऊन काय करायचं?

आधारला नंबर जोडायला आधार केंद्र आहेच, पण इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमनही हे काम करतो. तालुक्याच्या पोस्टात जाऊन बोला आणि गटाच्या बैठकीच्या दिवशी त्यालाच बोलवा. वीस बायकांची एकेका दिवसाची रोजी वाचते.

रेंजचंही असंच. 'गावात रेंज येते' हे उत्तर पुरेसं नाही, कुठे येते ते पाहा. आमच्या एका गावात रेंज येत होती मारुतीच्या पारावर आणि शाळेच्या ओट्यावर. पारावर बायका बसत नाहीत. हे नकाशात दिसत नाही आणि कुणी तुम्हाला सांगणारही नाही. आम्ही बैठक रविवारी शाळेच्या ओट्यावर नेली, तेवढ्यानेच हजेरी वाढली.

२. कागद जुळवा, विशेषतः नावं

नव्या माणसाला वाटतं, हे तंत्रज्ञानाचं काम आहे. पहिले दोन महिने ते कागदाचं काम असतं. प्रत्येक बाईची आणि शेतकऱ्याची एक प्लास्टिकची पिशवी करा. तिच्यात :

आधार (मोबाइल जोडलेलं)
बँक पासबुकाचं पहिलं पान
सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), शक्यतो डिजिटल सहीचा
शेतकरी ओळख क्रमांक काढला असेल तर तो
रेशनकार्ड
आधारला जोडलेला नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत

मग नावं ताडून पाहा. पासबुकावर माहेरचं नाव, आधारावर सासरचं, सातबाऱ्यावर 'अज्ञान पालनकर्ता' (म्हणजे अल्पवयीन वारसाची पालक) म्हणून सासूचं. सुमन आणि सुमनबाई या माणसाला एकच वाटतात, संगणकाला दोन. ही दुरुस्ती कंटाळवाणी आहे आणि तिला महिने लागतात, म्हणून ती पहिल्या आठवड्यात सुरू करा.

बँकेबाबत एक सापळा सगळ्यांनाच लागतो. बाईची खाती दोन-तीन असतात : एक जनधनचं, एक गटाच्या वेळी काढलेलं, एक पोस्टातलं. सरकारी अनुदान आधारवरून जमा होतं तेव्हा ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. 'पैसेच आले नाहीत' म्हणून रडणाऱ्या निम्म्या बायकांचे पैसे आम्हाला दुसऱ्या पासबुकात सापडले. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधारला कुठली बँक जोडली आहे ते, दिसते. ती आधी पाहा, मगच अधिकाऱ्याशी भांडायला जा.

बोटांचे ठसे हा आणखी एक प्रकार. पंचवीस वर्षं खुरपणी, कापूसवेचणी केलेल्या हाताची बोटं घासलेली असतात, आणि यंत्र 'जुळत नाही' म्हणतं. बाईला वाटतं आपलंच काही चुकलं. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहायचं. नाहीच झालं तर डोळ्याची, चेहऱ्याची किंवा ओटीपीची वाट कुठे चालते ते विचारायचं. आणि हे चारचौघांत तिचं हसं होऊ न देता करायचं.

आता सगळ्यांत अवघड कागद, सातबारा. राज्याच्या कृषी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. पेरणी, खुरपणी, काढणी करणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर संगणकाच्या लेखी ती शेतकरी नाहीच. तुमच्या प्रकल्पाचं नाव 'महिला शेतकरी सक्षमीकरण' असलं तरी नाही. पूर्वी निदान तलाठ्याला ती दिसायची तरी. १९९२ पासून राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे : नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. आम्ही चार गावांत हा विषय काढला. पहिल्या बैठकीत फक्त सासवा बोलल्या. वर्षभरात नऊ नावं लागली. थोडी वाटतील, पण माझ्या हिशोबी वीस टॅब्लेटपेक्षा या नऊ नोंदी भारी आहेत.

३. एकच गरज निवडा

प्रकल्पाच्या प्रस्तावात हवामान, बाजारभाव, विमा, विक्री, आरोग्य, सगळं असतं. पहिल्या हंगामात त्यातलं एकच घ्या. निवडताना मी हे पाहते : लोक त्या कामासाठी आज पैसे किंवा दिवस खर्च करतात का? तालुक्याला जाऊन केंद्रावर शंभर रुपये देऊन यावं लागत असेल, तर ती गरज खरी. 'माहिती मिळाली तर बरं होईल' असं म्हणत असतील तर ती सौजन्याची गरज, ती दुसऱ्या वर्षी.

ड्रोन, सेन्सर वगैरे दिखाऊ गोष्टींचा मोह वरून येतो. नमो ड्रोन दीदी योजनेत देशात १५,००० गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. तुमच्या गटाला मिळालाच तर जरूर घ्या, पण आधी एकच विचारा : हंगामात भाडं देऊन फवारणी करून घेणारे कोण, आणि त्यांचे एकर किती? ती यादी हातात नसेल तर ड्रोनही कपाटात जातो. आमच्या कपाटात जागा आहे.

४. गटाचा हिशोब : वही बंद करू नका

बचत गटाची दशसूत्री, म्हणजे गट चालवण्याचे दहा नियम, तुम्हाला प्रशिक्षणात पाठ करून घेतली असेल. त्यातलं लेखे लिहिणं हे तंत्रज्ञानाला सगळ्यांत जवळचं, म्हणून प्रत्येक प्रकल्प तिथेच हात घालतो आणि तिथेच पोळतो.

साताऱ्याच्या म्हसवडला बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा सभासद बायका अंगठा लावणाऱ्या म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवानगी नाकारली. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा त्या बायकांना घेऊन पुन्हा गेल्या. बायकांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, आम्हाला वाचता येत नसेल, पण रक्कम सांगा, व्याज तोंडी काढतो. १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. हे ध्यानात ठेवून गटात जा. हिशोब त्यांना येतोच, येत नाही ती फक्त स्क्रीन.

पहिले सहा महिने वही चालू ठेवा आणि अ‍ॅपमधला आकडा वहीतल्या आकड्याशी बैठकीतच, मोठ्याने वाचून जुळवा. मोठ्याने हे महत्त्वाचं. वही सगळ्यांच्या मध्ये उघडी पडलेली असते. फोन मात्र एकीच्याच हातात असतो, आणि त्यातला आकडा इतर नऊ जणींना दिसत नाही. आमच्या एका गटात नेमका यावरून वाद झाला. सचिवताई प्रामाणिक होत्या, तरी कुणाचा विश्वास बसेना, कारण पुरावा त्यांच्या फोनमध्ये बंद होता. तेव्हापासून बैठक संपली की वहीच्या पानाचा फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि कर्जाची यादी भिंतीवर, असं आम्ही ठरवलं.

दुसरा सापळा फुकट श्रमाचा. सचिवताई वहीही लिहितात, तुमचं अ‍ॅपही भरतात आणि वरून सरकारी पोर्टलची माहितीही देतात. त्याला मानधन नसेल तर तिसऱ्या महिन्यात नोंदी थांबतात आणि अहवालात 'प्रेरणेचा अभाव' असं लिहिलं जातं. अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्या दिवशीच मागून घ्या.

५. ई-पीक पाहणी : पहिल्या हंगामासाठी माझी पसंती

शेतकऱ्यांसाठी कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. राज्यभर ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाची नोंद करतो, फोटो काढतो आणि ती नोंद सातबाऱ्यावर जाते. नोंद नसेल तर नुकसानभरपाई, विमा, हमीभावाने विक्री, सगळीकडे अडकायला होतं. म्हणजे गरज खरी.

क्रम असा ठेवा :

हंगामाच्या तारखा आधी तलाठी कार्यालयातून घ्या. त्या दर वर्षी सारख्या नसतात आणि मुदतवाढीच्या अफवा भरपूर असतात.
गावातली तीन-चार मुलं-मुली निवडा, बारावी झालेली. निम्म्या मुली घ्याच, म्हणजे एकट्या बाईच्या शेतात जायला अडचण येत नाही.
प्रत्येक खातेदाराचा गट क्रमांक, क्षेत्र आणि पीक कागदावर लिहून घ्या. शेतात उन्हात स्क्रीन दिसत नाही, तेव्हा आठवणीवर काम होत नाही.
एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते. म्हणून 'माझ्याकडे फोन नाही' ही अडचण खरी नाही, फोनवाला शेजारी लागतो.
फोटो शेतात उभं राहूनच काढा. अपलोड रेंजमध्ये आल्यावर करा, आणि झालं की नाही ते पाहूनच झोपा.

चुका कुठे होतात? सोयाबीनमध्ये तूर असते आणि पोरं नुसतं सोयाबीन लावून मोकळी होतात. मिश्र पीक निवडून दोन्हींचं क्षेत्र लिहा. जमिनीच्या एकाच गट क्रमांकात चार भावांचं सामाईक खातं असेल तर प्रत्येक जण पूर्ण क्षेत्र लावतो आणि शेवटच्या भावाला जागाच उरत नाही. आधी चौघांना एका ओट्यावर बसवा. भांडण झालंच तर ते पावसाआधी होऊन जाऊ द्या.

६. माहिती आवाजात द्या

हवामान विभागाचा कृषिसल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो चार पानी पीडीएफ तसाच गटावर टाकला तर कुणी उघडत नाही. मी त्यातल्या आपल्या पिकाच्या तीन ओळी काढून, आपल्या बोलीत, चाळीस सेकंदांचा आवाजी संदेश करते. 'उद्या-परवा पाऊस हाय, फवारणी थांबवा, औषध वाया जाईल.' संपलं. साडेआठनंतर पाठवते, कारण फोन तेव्हा बाईच्या हातात असतो.

व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांचं काय? पुदुच्चेरीजवळ वीरमपट्टिनम या कोळी गावात शेतीशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या फाउंडेशनच्या केंद्रातून लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून काढून ध्वनिक्षेपकावर वाचला जायचा. इंटरनेट एका खोलीत, फायदा साऱ्या किनाऱ्याला. आपल्याकडे देवळाचा भोंगा काय वेगळा आहे? सरपंचांना विचारून संध्याकाळच्या आरतीनंतर दोन मिनिटं मागून घ्या. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर भिंतीवर रंगवा. सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत उत्तर मिळतं.

पावसाळ्याच्या तोंडाला एक अ‍ॅप मात्र हट्टाने टाकून द्या : दामिनी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं, वीज कोसळण्याचा इशारा देणारं. खुरपणीच्या टोळीत एका मुकादमणीच्या फोनवर असलं तरी पुरतं, फक्त इशारा आला की झाडाखाली नाही, पक्क्या घरात जायचं, हे आधी बोलून ठेवा.

व्हिडिओ करणार असाल तर शहरातून कॅमेरावाला आणू नका. डिजिटल ग्रीन या संस्थेने गावातल्याच लोकांकडून व्हिडिओ करून ते गावातच दाखवले. त्यांना दिसलं की बघणारे आधी विचारतात, ही बाई कोणत्या गावची? ओळखीचं शेत, ओळखीची बोली असली की बघणारी म्हणते, 'तिला जमलं तर मला का नाही.' आमचा सगळ्यांत चाललेला व्हिडिओ बीजप्रक्रियेचा, मागे कोंबडा आरवतोय, आणि करणारी मध्येच सुनेवर ओरडते.

७. पैशांचा विषय आला की थांबा

यूपीआय शिकवण्याआधी फसवणूक शिकवा. बायकांकडून तीन वाक्यं म्हणवून घ्या, पुन्हा पुन्हा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. ओटीपी भावालाही सांगायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'पीएम किसान' नावाची फाईल उघडायची नाही. शेवटचं आमच्याकडे फार चाललं : फाईल उघडली की फोनचा ताबा जातो. फसलं तर लाजत बसू नका, त्याच तासात १९३० ला फोन करा. घरच्यांना कळेल या भीतीने बायका दोन दिवस गप्प बसतात आणि तोवर पैसे चार खात्यांतून निघून जातात. म्हणून पहिला फोन 'ताईला', म्हणजे तुम्हाला, करायची मोकळीक द्या.

अंगठा लावून पैसे काढताना पावती मागायची सवय लावा. 'अंगठा लागला नाही, पुन्हा लावा' असं कुणी म्हणालं तर आधी खात्यातली शिल्लक बघायची.

आणि तुमचा स्वतःचा फोन तपासा. त्यात किती बायकांच्या आधारचे फोटो आहेत? माझ्या फोनमध्ये तीनशेवर होते, आणि तो फोन मी एकदा बसमध्ये विसरले होते. मिळाला, पण ते चार तास मी विसरणार नाही. अर्ज झाला की फोटो पुसा, शक्य तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार वापरा, आणि गटावर कुणाचीही कागदपत्रं टाकू नका, 'फक्त आपल्याच गटावर' असलं तरी नाही.

८. प्रकल्प संपायच्या सहा महिने आधी

रिचार्ज कोण मारणार, हा प्रश्न तेव्हाच काढा. आम्ही उशिरा काढला. एका गावात गटाने ई-पीक पाहणीच्या नोंदीला प्रत्येकी वीस रुपये घ्यायचं ठरवलं. त्यातून नोंदी करणाऱ्या मुलीचं रिचार्ज आणि थोडी हातखर्ची निघते. दुसऱ्या गावात 'संस्थेने फुकट दिलं होतं' म्हणून कुणी वीस रुपये द्यायला तयार नाही, आणि तिथलं काम बंद आहे. पहिल्या हंगामापासून पाच रुपये का होईना, घ्या.

अ‍ॅपमधला डेटा गटाला कागदावर छापून मिळेल, असं करारात लिहून घ्या. आमचं पहिलं अ‍ॅप निधी संपल्यावर बंद पडलं आणि त्यात दोन वर्षांचा हिशोब होता. वह्या चालू ठेवल्या होत्या म्हणून वाचलो.

कपाटातल्या चौदा टॅब्लेटांपैकी सहा आता चालू आहेत. गटांनीच ते शाळेला दिले, आणि त्या बदल्यात रविवारी शाळेचा ओटा आणि एक चार्जिंगचा पॉइंट बैठकीसाठी मिळतो.